चेहऱ्यामागची दरड

मसुरे,
श्रावणातला शनिवार

प्रिय धनेश,

हातात पत्र बघून दचकशील, म्हणून आधीच सांगते, आई बरी आहे. जेवते-खाते, मला रागावते, शेजाऱ्यांच्या म्हशीला शिव्या देते. पत्र तुझ्या घरी न पाठवता स्टुडिओच्या पत्त्यावर पाठवलंय, कारण घरी आलं असतं तर तेजस्वीने फोडलं असतं. तुझी बायको गुणाची आहे, पण तिच्या पोटात काही राहत नाही, संध्याकाळच्या आत आईला फोन गेला असता. मी स्वतःही फोन मुद्दामच केला नाही, पाकिटातलं बघितल्याशिवाय तुला पटलं नसतं. आपल्याकडे रेंज फक्त ओटीच्या कोपऱ्यात येते, आणि मी तिथे फोन घेऊन उभी राहिले की नेमकी त्याच वेळी आईला ओटी झाडायची असते. तेव्हा जरा बाजूला जाऊन बस आणि एका दमात वाच. मला आईला या घरातून बाहेर काढायचं आहे, चतुर्थीच्या आधी, जमलं तर याच आठवड्यात, आणि ती निघायला तयार नाही. घरामागची दरड सुटायला लागली आहे.

अक्काला नेहमीच आभाळ कोसळल्यासारखं वाटतं, असं म्हणशील. म्हण. तू व्हाळात उतरायचास आणि मी काठावरून बोंब मारायचे, तेव्हापासून माझी ही ख्याती आहे. या वेळी मी बोंब मारत नाहीये, म्हणून तरी ऐक. शाळेत रजा टाकून मी इथे येऊन राहिले आहे. घरी दत्तप्रसादांना खरं कारण सांगितलं. आईला सांगितलं की सावंतवाडीत आमच्या घराची पाण्याची मोटर जळली, नळाला थेंब नाही. अशा पावसात मी पाण्यावाचून माहेरी आले, हे शेंबड्या पोरालाही पटलं नसतं. आईने मात्र ऐकून घेतलं आणि माझ्यासाठी तांदूळ वाढवून घातले. एरवी जी मला चार प्रश्न विचारल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाही, तिने एकही प्रश्न विचारला नाही.

बाबा गेल्यानंतरचं वर्ष आठव. आई ओटीवर बसून राहायची, कोणी आलं तर बस म्हणायची, चहा विचारायला विसरायची. त्या दिवाळीत तू तुझ्या कामावरचा जुना कॅमेरा घेऊन आलास. ती मागीलदारी चुलीवर खापरोळ्या करत होती आणि तू गंमत म्हणून समोर स्टँड रोवलास. पडद्यावर एक लहानशी पांढरी चौकट आली आणि आईच्या डाव्या डोळ्यावर जाऊन बसली. आई हलली की चौकट हलायची. तू मला म्हणालास, अक्का, आता तुला काही येत नसलं तरी चालेल, तू फक्त बटण दाब, आईचं तोंड दिसतंय तोवर हा तिला सोडायचा नाही. आईने ते ऐकलं आणि म्हणाली, "ह्या मेल्याक माज्या तोंडात काय दिसता? कढयेत बघ म्हणान सांग तेका." आणि हसली. त्या वर्षात ती पहिल्यांदा हसली होती. तू माझ्याकडे बघितलंस, मी तुझ्याकडे, आणि आईच्या नावाचं, ‘लक्ष्मीचां रांदप’ हे स्वयंपाकाचं चॅनल तिथल्या तिथे सुरू झालं.

मग मी दर शनिवारी सावंतवाडीहून एसटी पकडून यायला लागले. चित्रकलेच्या मास्तरणीला यंत्राचं काय कळणार, अशी तुझी समजूत होती आणि ती बरोबर होती. आपण त्या कॅमेऱ्याला किती हसलो. आईने सोललेला नारळ हातात धरला की ती चौकट आईला सोडून नारळाच्या डोळ्यांवर जायची. तू प्राण्यांचं काहीतरी चालू करून ठेवलं होतंस, तेव्हा सबंध व्हिडिओभर आई बोलत होती आणि कॅमेरा सुरमईच्या डोळ्यात बघत होता. भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या बाईवर तो एकदा असा भाळला की शेवटी आईने कॅलेंडर उलटं लावलं. आणि आई वाकली की त्याची पार तारांबळ. ती चूल फुंकायला खाली वाकायची, कॅमेऱ्यापुढे नुसता अंबाडा आणि वाफ, चेहरा कुठे नाही. मग तो क्षणभर घुटमळायचा आणि सरळ मागे जायचा. मागचा डोंगर लख्ख, आई पुसट. ती उठून तोंड वर करायची की पुन्हा धावत तिच्याकडे. फोकस गेलेला तुकडा आधी उडवायचा, ही तुझी पहिली ताकीद. मी उडवत गेले.

आता पुढचं वाचताना चिडू नकोस. तुला पहिल्या व्हिडिओंतली मागची बाजू आवडत नव्हती. दरड फार जवळ आहे, सगळं आईच्या पाठीला चिकटल्यासारखं दिसतं, असं तू म्हणायचास. चेहरा आणि मागचं यांच्यात जागा हवी, म्हणजे मागचं विरघळतं आणि बघणाऱ्याची नजर तोंडावरून हलत नाही, हे तू मला कागदावर काढून समजावलं होतंस. त्या मे महिन्यात वाडीच्या रस्त्यासाठी दीपेशचा जेसीबी आला होता. तू त्याच्याशी बोललास, आणि एका सकाळीत आपलं परडं डोंगराच्या पोटात शिरलं. रातांब्याची दोन झाडं गेली, बाबांनी रचलेला दगडी गडगा गेला, आणि जिथे उतार होता तिथे लाल मातीची उभी भिंत राहिली. शेजारचे बाबलीकाका कुंपणावरून बघत होते. "उबी कापू नको रे झिला, उतार ठेय," एवढंच म्हणाले आणि तू हो काका म्हणालास. आईने दीपेशला घावणे खाऊ घातले. पुढच्या पावसात त्या भिंतीवर हिरवळ आली, आणि पडद्यावर आईच्या मागे असं मऊ हिरवं धुकं दिसायला लागलं की परदेशातून लोक विचारायचे, कुठली ही जागा. दिसत होतं सुंदर, धनेश. मीही तो व्हिडिओ शाळेतल्या सगळ्यांना दाखवला होता.

या ज्येष्ठात मागचं दार लागेनासं झालं. आई म्हणाली, लाकूड फुगलं. दर पावसात फुगतं, म्हणून मीही सोडून दिलं. मग एका शनिवारी मी बटण दाबून उभी होते आणि बाबलीकाका नेहमीसारखे कुंपणाशी येऊन थांबले. चित्रण संपल्यावर मला हळूच म्हणाले, "किशोरी गो, ही पोफळ अशी वाकडी नाय हुती." दरडीच्या माथ्यावर कडेची पोफळ आहे ना, ती. मी बघितलं, झुकलेली होती खरी, घराच्या बाजूला. आईने आतून ऐकलं असावं. ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "ती जल्मापासून तशीच आसा. बाबलीचे डोळे गेले." काका निघून गेले. त्या दोघांचं आयुष्यभराचं शेजार आहे, एकमेकांच्या झाडांची पोरांसारखी माहिती आहे, आणि त्यातलं कोणीतरी एक चुकत होतं. मला वाटलं, भांडायचं कशाला, आपल्याकडे दोन वर्षांचे व्हिडिओ आहेत. लावू आणि बघू.

सावंतवाडीला जाऊन मी ते सगळे लावले. अगदी पहिल्यापासून. धनेश, त्यात काहीच नाही. दोन वर्षं आपण दर आठवड्याला त्या दरडीसमोर कॅमेरा रोवला आणि दरड एकाही व्हिडिओत नाही. आईच्या पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा असा दिसतो. नाकातली मोरणी दिसते, कपाळावर उडालेला तिरफळाचा कण दिसतो. मागे नुसतं हिरवं आणि तांबडं कालवून ठेवल्यासारखं. पोफळ म्हणजे एक फिकट पट्टा, तो सरळ आहे की वाकडा, कोणी सांगावं. मी मुलांना चित्र काढताना नेहमी ओरडते की आधी मागचं बघा, माणूस नंतर काढा. स्वतः मात्र इतके दिवस तो पडदा बघत होते आणि ती चौकट जिथे बसली होती तिथेच माझे डोळेही बसले होते. त्या कॅमेऱ्याला कोणी सांगितलेलंच नाही की चेहरा नसलेल्या वस्तूलाही काही होऊ शकतं.

मग मला उडवलेले तुकडे आठवले. मूळ चित्रण तू आल्याशिवाय पुसायचं नाही, ही तुझी दुसरी ताकीद, त्यामुळे सगळं त्या हार्ड डिस्कच्या काळ्या डबीत होतं. मी आई वाकल्याच्या जागा शोधून काढल्या. प्रत्येक वेळी क्षण-दोन क्षण, कॅमेरा गोंधळून मागे गेला तेवढेच. ते तुकडे काढले आणि जुन्यापासून नव्यापर्यंत एकापुढे एक जोडले. पहिल्या पावसाळ्यात पोफळ पट्टीने आखल्यासारखी उभी आहे. गेल्या वर्षीच्या गणपतीत तिच्या बुंध्याशी मातीत एक रेघ दिसते, शिसपेन्सिलीने ओढावी इतकी बारीक. दसऱ्याच्या सुमारास ती रेघ डावीकडे खाली उतरलेली आहे. शिमग्यात पोफळ ढळली आहे, आणि रेघेच्या खालची माती वरच्या मातीपेक्षा बोटभर पुढे आली आहे. सगळं मिळून एवढंसं चित्रण, चहा गाळून होईपर्यंत संपतं. मी ते पुन्हा पुन्हा बघितलं. त्यात आई कुठेच स्पष्ट नाही, दर वेळी खाली पुसटसा अंबाडा हलतो आणि मागचा डोंगर एकेक पाऊल पुढे येतो.

तरीही मला वाटलं होतं की आईला हे ठाऊक नसणार. तिला ते जोडलेलं चित्रण दाखवायचं, घाबरवायचं आणि घेऊन यायचं, एवढा साधा बेत होता. दाखवण्याआधी या वर्षीचंही पुढे जोडावं म्हणून मी वैशाखानंतरचं मूळ चित्रण उघडलं. त्यात एकही तुकडा सापडला नाही. कॅमेरा कुठेच चुकलेला नव्हता. पहिल्यापासून शेवटपर्यंत चौकट आईच्या डोळ्यावर, जराही न हलता. खरं सांगू, या दोन महिन्यांत उडवायला काही लागत नाही म्हणून मला माझाच अभिमान वाटत होता, हात बसला असं मी तुला फोनवरही म्हणाले होते. आता लक्ष देऊन बघितलं तेव्हा कळलं की आई वाकतच नाही. वैशाखात तिने बाबलीकाकांकडून चुलीसाठी कमरेइतका ओटा बांधून घेतला, गुडघे धरतात म्हणून. तू म्हणालास, वा, आता दिसतंही छान. पण गुडघे धरलेल्या बाईने आषाढात सबंध दिवस चिखलात वाकून तरवा लावला, आणि परवा माझ्यादेखत फोडशीची भाजी खुडायला ती शेताच्या मेरेवर अशी बसली आणि उठली की उठताना मलाच कोणीतरी हात द्यायला हवा होता. वाटण्याचा दगड वर आला, पाण्याची कळशी वर आली, फुंकणी जाऊन पंखा आला. कॅमेरा चालू असताना तिचं तोंड खाली जाईल असं एकही काम तिने शिल्लक ठेवलेलं नाही.

आणि ती जागा बदलते. मी बटण दाबते आणि नीट उभी राहा म्हणते, तो सुरुवातीचा भाग मी कधी बघतच नाही, कापून टाकते. तो बघितला. सातकापे घावणांचा व्हिडिओ आहे, नागपंचमीच्या आदल्या शनिवारचा. मी बाजूला पिठाचा डबा आणायला गेले असणार, कारण चित्रात ती एकटी आहे. ती कॅमेऱ्याकडे पाठ करून दरडीकडे बघते. चेहरा नाही, त्यामुळे कॅमेरा मागे गेला आणि दरड लख्ख झाली. भेग आता रेघ राहिलेली नाही, त्यात हात जाईल. आणि ती सारवलेली आहे, धनेश. आपण खळं सारवतो तशी, शेण आणि तांबडी माती कालवून, बोटांच्या गोल गोल रेघा उमटलेल्या, वरपासून खालपर्यंत जिथवर तिचा हात पोचला तिथवर. सारवण वाळून पुन्हा मधोमध उललेलं आहे. आई ते बघते. खांद्याने अंदाज घेत जराशी डावीकडे सरकते, भेग आपल्या पाठीआड येईल अशी. मग वळते, चौकट तिच्या डोळ्यावर येऊन बसते, मागचं सगळं विरघळतं आणि ती हसून म्हणते, नमस्कार मंडळी. मी स्वतःच्या आईला घाबरले असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

दुसऱ्या दिवशीच रजा टाकून मी इथे आले. दोन दिवस धीर झाला नाही. तिसऱ्या दिवशी ती दमट झालेली कोकमाची सोलं चुलीशेजारी वाळत घालत होती तेव्हा सरळ विचारलं, तू दरड कधी सारवलीस. तिने हातातलं काम थांबवलं नाही. पहिल्यांदा म्हणाली पाणी आत जाऊ नये म्हणून. मग म्हणाली, दर डोंगराला भेगा असतात. मी पोफळीचं चित्रण पुढे धरलं. तिने बघितलं, सगळं, शेवटपर्यंत, आणि म्हणाली, "तेका दाखवलंस?" मी नाही म्हणाले. तेव्हा ती माझ्याजवळ आली आणि माझा हात धरला. तिच्या हाताला सोलांचा आंबूस वास होता. म्हणाली, "तेका सांगू नको गो. पोरान माज्यासाठी केल्यान ता. मी हसाक लागलंय म्हणान केल्यान. लोक काय म्हणतले? झिलान आवशीच्या घरामागलो डोंगर कापल्यान?" दर आठवड्याला तू पुण्यात बसून तिचं तोंड बघतोस आणि आई छान दिसतेय असं कळवतोस, तेवढ्यासाठी ही बाई गेले कित्येक महिने स्वतः आडोसा होऊन उभी आहे. तुझ्या कॅमेऱ्याची खोड तुझ्यामाझ्यापेक्षा तिने नीट ओळखली. आपलं तोंड समोर असलं की मागचं कोणाला दिसत नाही, हे तिला कळलं आणि तिने ते वापरलं.

मी सगळं करून बघितलं. रडले, भांडले, अबोला धरला. दत्तप्रसादांनी फोनवरून विनवलं, काही दिवस या, तळ्याकाठी फिरा. ती म्हणाली, चतुर्थीला घर बंद ठेवायचं का, गणपती खंय बसतलो. मी म्हटलं, पंचायतीत अर्ज देते, माणसं येऊन बघतील आणि घर खाली करायला लावतील. तेव्हा ती उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, "अर्ज दिलंस तर मी हयसून हलूचंय नाय. आणि कोणी इचारला तर सांगतलंय, दरड मीयाच कापूक लावलंय." हे ती करेल. वाडीत सगळ्यांनी जेसीबी बघितलेला असूनही करेल, आणि लोक मान खाली घालून ऐकून घेतील. मी सोमवारी अर्ज देणारच आहे, तिने काही म्हटलं तरी. पण नोटीस आली तरी पोलिसांनी उचलून न्यावं अशी ती बाई नाही, आणि मी तिला एकटी उचलू शकत नाही. बाबलीकाका येतो म्हणाले तर त्यांना तिने अंगणाच्या बाहेरूनच वाटेला लावलं.

दरडीच्या पायथ्याशी पावसाळ्यात झरा फुटतो ना, तो गेल्या आठवड्यात गढूळ झाला होता. परवापासून तो बंद आहे. वर पाऊस चालूच आहे आणि खाली पाणी येत नाही, म्हणजे ते आतच साठतंय. आई म्हणाली बरं झालं, चिखल कमी झाला. तिला काय वाटलं ते तिच्या तोंडावरून मला कळलं नाही, आता मला तिच्या तोंडाचा भरवसाच वाटत नाही. काल मागच्या खोलीच्या जमिनीला भिंतीलगत एक चीर गेली आहे, पावलाला लागते. मी माझं अंथरूण ओटीवर घातलंय आणि तिचंही घालते, आणि पहाटे जाग येते तेव्हा तिचं रिकामं असतं. ती मागच्या खोलीत जाऊन झोपलेली असते, दरडीच्या बाजूच्या भिंतीला कान लावून. विचारलं तर म्हणते, "रातीचा पानी खंयसून वाजता ता हयसून ऐकाक गावता."

आता हे पत्र का, ते सांगते. तू चतुर्थीला तेजस्वीला आणि गौरजाला घेऊन येणार आहेस. दर वर्षी आई मागची खोली तुमच्यासाठी झाडून ठेवते, पोरीला तिथे थंड वाटतं म्हणून. या वर्षी तिने तुमच्या गाद्या ओटीवर काढल्या आहेत, पुढच्या दाराच्या अगदी जवळ, आणि गौरजाची चादर दारालगत. स्वतःचं सामान तिने मागच्या खोलीत नेलंय. म्हणजे दरड येणार हे तिला पुरतं ठाऊक आहे. तुम्ही वाचावं एवढीच तिची तयारी आहे, आणि आपलं काय ते तिने ठरवून टाकलंय, तुला कळू न देता. म्हणून सांगते, चतुर्थीची वाट बघू नकोस. तेजस्वीला आणि पोरीला तिथेच ठेव आणि पत्र मिळाल्या दिवशी रात्रीची गाडी पकडून एकटा ये. माझ्याने होत नाही ते तुझ्या एका वाक्याने होईल. तिच्यासमोर उभा राहा आणि म्हण, दरड मी कापली, ती पडणार आहे, मला माहीत आहे, चल. माफी मागू नकोस, ती ऐकून घेणार नाही, उलट तुलाच समजावत बसेल आणि तेवढा वेळ नाही. तुला कळलंय एवढं तिला कळू दे, मग तिला तिथे उभं राहायला कारण उरणार नाही. पाकिटात मेमरी कार्ड ठेवलंय, त्यात ते जोडलेले तुकडे आहेत, गाडीत बसल्यावर बघ. आणि आलास की ती मागच्या दारात येऊन उभी राहील, पदर सारखा करून, हसत, चहा टाकू का विचारेल. तिच्या तोंडाकडे बघू नकोस, धनेश. आधी तिच्या मागे बघ.

वाट बघते आहे, जागीच आहे.

तुझीच,
अक्का